कानसेनांचा कूलर

गल्लीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते नसल्यामुळे कुणाचं काही अडलंही नव्हतं. बिघडलेला पंखा, मिक्सर, पाण्याचा छोटा पंप, काहीही उचलून माणूस जिने चढत त्यांच्या गॅलरीत आला, की ते म्हणायचे, "बोलू नकोस. आधी चालू कर." मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर मोटारीच्या अंगाला टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. माणूस छातीला नळी लावलेल्या डॉक्टरकडे बघावं तसा त्यांच्याकडे बघत उभा. थोड्या वेळाने निकाल लागायचा: "मागचं बेअरिंग गेलंय. वाइंडिंगला काही झालेलं नाही, उगाच रडू नकोस." उघडून बघावं तर तसंच. म्हणून नाव पडलं कानसेन.

जन्मभर त्यांनी जळालेल्या मोटारींत नवी तार भरली होती. दुकान होतं तोवर दुकानात, ते सोडल्यावर घराच्या गॅलरीत. टेबलावर हाताने फिरवायचं वाइंडिंगचं मशीन असे. एक मूठ, दोन-तीन दातेरी चाकं, तार गुंडाळून घेणारा दांडा आणि फेरे मोजणारा एक काटा, एवढाच त्याचा संसार. आणि कानसेनांचं तत्त्वज्ञान त्याहून लहान होतं. चांगली मोटार चालू आहे की बंद, हे हात लावल्याशिवाय कळता कामा नये. आवाज हा त्यांच्या लेखी आजार होता. घरघर म्हणजे सर्दी, खडखड म्हणजे सांधेदुखी, आणि किर्रर्र म्हणजे आता नातेवाइकांना बोलवा.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, एक गॅलरी आणि डोक्यावर नुसता स्लॅब. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दूर कुठेतरी बोगद्याच्या कामावर, महिनोन् महिने तिकडेच. घरात उरले हे आणि सून. सून मोठ्या हॉस्पिटलात नर्स, आणि तिने आपण होऊन रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी ती यायची तेव्हा कानसेनांचा चहा उकळत असायचा. त्यांचा चहा म्हणजे काढाच, पण ती बिचारी तोंड वाकडं न करता प्यायची आणि पिता पिता वॉर्डातल्या गोष्टी सांगायची.

"एक आजी आहेत," तिने एकदा सांगितलं. "मी ड्यूटीवर आले की विचारतात, सिस्टर, रात्रभर तुम्हीच ना? हो म्हटलं की कूस बदलतात आणि घोरायलाच लागतात."

"मग झोपेची गोळी लागत नाही म्हण त्यांना."

"लागते की. पण बाबा, गोळीच्या आधी हे लागतं."

कानसेनांना त्याचं नवल वाटलं होतं. मोटारीला असलं काही विचारावं लागत नाही.

चहा झाला की ती आतल्या खोलीत जाऊन झोपायची ती थेट चार वाजेपर्यंत. उठली की दोघांचं जेवण व्हायचं, म्हटलं तर उशिराचं दुपारचं, म्हटलं तर लवकरचं रात्रीचं. कानसेन भूक मारून तिच्यासाठी थांबायचे आणि वर म्हणायचे, "मला काय, मी केव्हाही जेवतो." खरं म्हणजे बायको गेल्यावर जे काही महिने त्यांनी एकट्याने ताटावर काढले होते, त्यांची त्यांना धास्ती बसली होती. समोर कुणी नसलं की घास तोंडात फिरत राहतो. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, सुनेला तर नाहीच नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याने मात्र सगळी घडी विसकटली. सकाळी जी वीज जायची ती पार उन्हं कलल्यावर उगवायची. आतल्या खोलीच्या खिडकीत एक जुना पत्र्याचा कूलर होता. तो चालला की सगळं घर थरथरायचं. दुनियेच्या मोटारी बऱ्या करणाऱ्या माणसाच्या घरात हा असा, म्हणजे दिव्याखाली अंधारच; पण कानसेन दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. आता तो खडखडाटही गेला. वीज नाही तर कूलर नाही, आणि कूलर नाही तर ती खोली म्हणजे झाकण ठेवलेला कुकर. सून ओला टॉवेल अंगावर घेऊन पडायची, टॉवेल वाळला की उठायची. डोळे लालभडक, खाली काळी वर्तुळं.

आणि एक दिवस चहाचा कप तसाच हातात धरून ती म्हणाली, "बाबा, काल मी बसल्या बसल्या झोपले. पेशंटच्या मुलीने हलवून उठवलं. सिस्टर, बाटली संपलीये म्हणाली. बाटली म्हणून बरं. दुसरं काही असतं तर?"

कानसेनांनी आपला कप एका घोटात रिकामा केला.

"मेट्रनबाई म्हणतात, नर्सेसच्या क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी आहे. तिथे जनरेटर आहे, वीज जात नाही. महिनाअखेरपर्यंत सांग म्हणाल्या. उन्हाळ्यापुरतंच हो, बाबा."

"उन्हाळ्यापुरतंच" या शब्दावर कानसेनांचा विश्वास नव्हता. 'तात्पुरती' म्हणून मारलेली गाठ तारेत कायमची राहते, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. पण जाऊ नकोस म्हणायला तोंड कुठे होतं? जागरणाने पेंगणारी नर्स म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. "तुला सोयीचं पडेल तसं कर, पोरी," एवढं ते बोलले आणि रिकाम्या कपातून चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेखाली एक बॅग दिसली, अर्धी भरलेली.

मग म्हातारा पेटून उठला.

सोलर पॅनल बसवणारी एक बाई त्या भागात हिंडायची. डोक्यावर टोपी, खांद्याला दोर, आणि गच्चीच्या कठड्यावर अशी चालायची की बघणाऱ्यानेच भिंत धरावी. कानसेनांनी तिला गाठलं.

"काका, तुमच्या कूलरची जुनी मोटार बदला," ती म्हणाली. "ती खादाड आहे. पॅनलवर थेट चालणारी वेगळी मोटार येते, पंपही तसलाच येतो. मध्ये विजेचा दाब सारखा ठेवणारा एक छोटा डबा लावू. आणि बॅटरी."

"बॅटरी कशाला?"

"रात्री चालवायला! लोकांना कूलर रात्रीच लागतो."

"आमच्याकडे रात्री झोपतंय कोण?" कानसेन म्हणाले. "माझी सून उन्हाबरोबर झोपते आणि उन्हाबरोबर उठते. ऊन आहे तोवर वारा पाहिजे, बस्स."

बाईने टोपी मागे सारली आणि हसली. "असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघते. पण ढग आला की पंखा बसेल हं, आधीच सांगून ठेवते."

"या दिवसांत कुठले आलेत ढग!"

पॅनल गच्चीवर चढले, त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे स्लॅबलाही तेवढीच सावली. खाली राहणारा इस्त्रीवाला तमाशा बघायला वर आला. "उन्हाचंच खायचं आणि उन्हालाच घराबाहेर काढायचं!" तो म्हणाला. "हा कूलर नाही काका, घरजावई आहे."

कानसेनांनी मनावर घेतलं ते असं. जुन्या कूलरचं सगळं अंग सोडवलं. गंज घासला, नवं गवत भरलं, पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात रबर घातलं. पंख्याची पाती तोलून तोलून एका वजनाची केली. मोटारीखाली हादरा शोषणारे मऊ बुश बसवले. पाणी टपटपू नये म्हणून पंपाची नळीसुद्धा गवताला चिकटवून घेतली. चालू केल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काहीच ऐकू येत नव्हतं. जन्मात एवढी सुंदर मोटार त्यांच्या हातून गेली नव्हती.

सून खोलीत शिरली आणि दारातच थबकली. "अगंबाई, काय गार आहे! आणि चालू आहे हे कळतसुद्धा नाही."

"कळता कामाच नये," कानसेन म्हणाले आणि गॅलरीत येऊन टेबलापाशी बसले, लग्न लावून दिलेल्या बापासारखे.

पण खाट करकरली. थोड्या वेळाने पुन्हा. कानसेनांचे कान, ते काय बंद करून ठेवायचे थोडेच? कूस बदलली, उशी उलटी केली, पाणी प्यायली. पहिला दिवस आहे, होईल सवय, असं त्यांनी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. चारला उठून आली की ती म्हणायची, "मस्त गार होतं, बाबा," आणि डोळे मात्र तसेच लाल. बॅग खाटेखालून हलली नव्हती. उलट जरा फुगल्यासारखी वाटत होती.

कानसेनांनी सगळं तपासलं. गवत भिजतंय. पाणी पुरतंय. वारा थेट खाटेवर येतोय. समोरची खिडकी उघडी आहे, आणि ती उघडीच लागते, कारण कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट नसली की खोलीचं ओलं पोतं होतं. एक दिवस त्यांनी ती बंद करून पाहिली तर तासाभरात भिंती घामेजल्या आणि सूनही. पुन्हा उघडली. आता करायचं काय राहिलं?

एकच गोष्ट राहिली, आणि ती त्यांना गॅलरीत बसल्या बसल्या दिसली. यंत्रात खोट नाही, म्हणजे खोट माणसात. पोरीचं मन उडालं असेल इथून. आणि का उडू नये? नवरा परमुलखात, घरात एक म्हातारा, तोही दिवसभर तांब्याच्या तारांशी बोलणारा. क्वार्टरमध्ये तिच्या वयाच्या मुली असतील, हसतील, खिदळतील. ती सांगत नाही, एवढाच तिचा चांगुलपणा. या विचाराने त्यांच्या छातीत जे दुखलं त्याला कुठलाही स्क्रू ड्रायव्हर लावता आला नसता. ते आपणहून जास्त हळू चालायला लागले. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचे. तिला निदान उरलेले दिवस तरी त्रास नको.

महिना संपत आला होता. कूलरची जुनी खादाड मोटार इस्त्रीवाल्याने मागितली होती, म्हणून कानसेनांनी ती पुसून, पंख्यासकट टेबलावर आवळून ठेवली होती. भर दुपारी अवचित वीज आली. चालते का बघावं म्हणून त्यांनी बटण दाबलं. जन्मजात वाईट सवयीची ती मोटार, तिने एकदम घर्रर्र करून सगळी गॅलरी डोक्यावर घेतली. कानसेनांनी एक हात टेबलावर दाबून धरला, दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हर तिच्या अंगावर फिरवला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. आणि मग एकदम आठवलं, आत पोर झोपलीये! जीभ चावून त्यांनी बटण बंद केलं.

दार उघडलं. सून उभी होती, केस विसकटलेले, अर्धे डोळे मिटलेले.

"चुकलो, पोरी, चुकलो—"

"बाबा," ती म्हणाली, "बंद का केलंत? आत्ता कुठे डोळा लागला होता."

कानसेनांचं बोट बटणावरच राहिलं.

"काय म्हणालीस?"

ती आता पुरती जागी झाली आणि ओशाळली. "काही नाही."

"नाही, बोल."

"तुम्ही इतकं जीव लावून केलंत हो ते. कसं सांगणार?" ती दाराच्या चौकटीला टेकली. "गार खूप आहे. पण खिडकी उघडी ना. शाळेच्या बसचा हॉर्न, खालचा रेडिओ, कुणाची भांडी, कुणाचं भांडण, सगळं उशाशी येतं. जुना कूलर घरघरायचा त्यात हे सगळं बुडून जायचं. लग्न झाल्यापासून मी त्या आवाजातच झोपलेय. आता पडते आणि नुसती ऐकत राहते. तुम्ही चवड्यांवर चालता ना, तेसुद्धा ऐकू येतं."

मग कानसेन हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. ज्या आवाजाला जन्मभर आजार म्हणून हाकललं, तोच या घरात औषध निघाला. आणि आपण? पोरीच्या मनात खोट शोधत बसलो, गाढव कुठले.

संध्याकाळी ती ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी कूलर खोलला आणि जन्मात केलं नव्हतं ते काम सुरू केलं. चांगली मोटार बिघडवायची. वाटतं तितकं ते सोपं नाही. एक बुश काढला तर कूलर हिसके देऊन खडखडायला लागला. असल्या आवाजात माणूस झोपत नाही, पळून जातो. पात्याला वजन लावलं तर किणकिण यायला लागली. शेवटी सगळे रबर काढून टाकले आणि वाऱ्याच्या तोंडाशी पत्र्याची एक पातळ पट्टी अशी बसवली की ती वाऱ्यावर सारखी थरथरत राहावी. तिला वाकवत, कापत, पुन्हा वाकवत त्यांनी सूर लावला. भरीव, एकसारखी घरघर. जुन्या कूलरची बहीण शोभेल अशी.

दुसऱ्या दिवशी ती झोपायला गेली आणि खाट करकरली नाही. सासऱ्याने सुनेच्या दाराला कान लावणं बरं दिसत नाही, म्हणून कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. मूठ कानाशी, डोळे मिटलेले. घरघरीच्या खाली, अगदी तळाशी, दुसरी एक घरघर चालू होती. तिच्यात काही बिघाड नव्हता.

पॅनलवाली बाई सहज चौकशीला आली आणि दारातूनच म्हणाली, "काका! बेअरिंग गेलं की तुमचं."

"गेलं नाही, मी पाठवलंय," कानसेन म्हणाले. "हळू बोल."

राहता राहिला महिन्याचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी सुनेला मेट्रनबाईंना उत्तर द्यायचं होतं. बॅग खाटेखालीच होती. कानसेनांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चार दिवस बरी झोप मिळाली म्हणून कुणी जनरेटरची खोली सोडतं का? आजची झोप नीट झाली पाहिजे, एवढंच ते धरून बसले होते.

आणि नेमके त्याच दिवशी, ध्यानीमनी नसताना, दुपारी ढग आले. थोडेथोडके नव्हेत, पांघरूण घातल्यासारखे. गच्चीवरची चमक विझली. घरघर खाली खाली यायला लागली, म्हातारा जिना उतरतो तशी, थांबत थांबत. बाहेर शाळेची बस हॉर्न देत वळत होती. आत खाट एकदा करकरली.

कानसेनांनी आजूबाजूला पाहिलं. वीज नाही. जुनी मोटार टेबलावरच होती, पण ती चालणार कशावर? हाताशी होतं ते फक्त वाइंडिंगचं मशीन. त्यांनी ते उचललं, आतल्या दाराशी स्टुलावर ठेवलं आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. दातेरी चाकं घरघरली. सूर जरा वरचा होता. मशीनखाली लाकडाची फळी सरकवली तसा तो खाली आला, भरला. खाट पुन्हा करकरली नाही.

ढगांना काही घाई नव्हती. कानसेनांचा खांदा भरून आला, मनगट वळायला लागलं. हात बदलावा तर डाव्या हाताला लय सापडेना. तेवढ्यात जुनी मोटार न्यायला इस्त्रीवाला वर आला.

"काका, तार कुठाय? रिकामंच मशीन काय फिरवताय?"

कानसेनांनी डोळे वटारले आणि मानेनेच बंद दार दाखवलं. इस्त्रीवाल्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, एकदा त्या घामाघूम म्हाताऱ्याकडे. मग तो खाली मांडी घालून बसला. "सरका," त्याने हळूच म्हटलं, "माझा हात जरा तरणा आहे," आणि फेरा न चुकवता मूठ स्वतःकडे घेतली. बऱ्याच वेळाने त्याला गिऱ्हाइकाची हाक आली, तेव्हा ती पुन्हा कानसेनांच्या हातात आली. उन्हाची तिरीप गॅलरीत पडली, आत पट्टी थरथरायला लागली, कूलरचा सूर चढला, तसा कानसेनांनी हात हळूहळू सैल सोडला. फेरे मोजायचा काटा फिरून फिरून कुठल्या कुठे गेला होता आणि दांड्यावर वीतभरही तार नव्हती.

चारला सून बाहेर आली. चेहरा टवटवीत. ताटं घेतली, समोरासमोर बसली. कानसेनांनी घास उचलला तर हात तोंडापर्यंत जाईना. त्यांनी गुपचूप डाव्या हातात चमचा घेतला.

"मलम लावून देते जेवण झालं की," ती ताटातून मान वर न करता म्हणाली.

"कशाला? काय झालंय मला?"

"खांदा."

कानसेनांनी चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे झोपमोड झालीच तुझी."

"झाली थोडी. कूलर बंद पडला तेव्हा जाग आली. आता गेली झोप, म्हटलं. तेवढ्यात दाराबाहेर तुमचं मशीन सुरू झालं. त्या आजी विचारतात ना, रात्रभर तुम्हीच ना म्हणून? रोज कुणीतरी मला विचारतं आणि झोपून जातं. मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं, बाबा. आज पडल्या पडल्या कळलं, बाहेर कुणीतरी बसलंय. मग कशी झोपले, मलाच माहीत नाही."

कानसेनांनी डाव्या हातानेच तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

जेवणं आटोपल्यावर तिने खाटेखालची बॅग ओढून काढली, कपडे कपाटात परत लावले आणि रिकाम्या बॅगेत थंडीतल्या रजया कोंबल्या. "ही माळ्यावर टाकू. मेट्रनबाईंना आज सांगते, खोली दुसऱ्या कुणाला द्या." मग मलम घेऊन ती त्यांच्या खांद्यापाशी बसली.

"पण एक सांगा, मध्ये कोण फिरवत होतं? हात वेगळा होता."

कानसेनांनी चमकून मागे पाहिलं. "इस्त्रीवाला. तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? तुमच्यापेक्षा घाई होती त्या हाताला," सून म्हणाली आणि मलम चोळायला लागली. "उद्या ढग आले तर त्यांना जरा हळू फिरवायला सांगा."